पहिला फेरा घरचा

दिगंबर खराडे हातात पाना घेऊन शीळ घालायला लागला, तेव्हाच सुवर्णाच्या मनात आलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आता नवरा शीळ घालतो म्हणून धास्तावणारी बायको जगात दुसरी नसेल, हे कबूल. पण नवराही तसाच होता ना! लग्न झाल्यापासून दिगंबरच्या तोंडून शीळ सोडाच, 'बरं चाललंय' एवढे दोन शब्द तिनं ऐकले नव्हते. पंखा फिरला की ह्याचं लक्ष वरच्या हुकाकडं. बिनड्रायव्हरची एसटी आली तेव्हा हा पठ्ठ्या वर्षभर सायकलनं फिरला. झोपायच्या आधी गॅसचं बटण तीनदा बघायचा आणि वर सुवर्णाला म्हणायचा, "तू एकदा बघून ये गं, माझी नजर चुकली असंल." जत्रेतल्या पाळण्याचा मिस्त्री असाच पाहिजे, असं सासरे म्हणायचे. सुवर्णा म्हणायची, मिस्त्री असू दे हो, पण नवरा असा नको.

आणि तोच माणूस दोन-तीन महिन्यांत पार पालटला. भाकरी करपली तर म्हणतो, "खरपूस झालीय, झकास!" गॅसकडं ढुंकून बघत नाही. अंथरुणावर पडला की घोरायला लागतो. आणि आता ही शीळ.

सुवर्णाला सासर-माहेर दोन्हीकडचे लोक शंकासुर म्हणायचे. दूधवाला हसला तरी आज पाणी जास्त घातलं असेल, असं तिला वाटायचं. तिचा संशय माणसांवर, नवऱ्याचा यंत्रांवर. वाटणी झालेली होती, म्हणून तर संसार झाला. आता नवऱ्यानं आपला वाटा टाकून दिला, तेव्हा तिनं सरळ हिशेब मांडला. पन्नाशीच्या जवळ आलेला पुरुष विनाकारण खूश राहायला लागला, तर कारण बाईच असणार.

आणि बाई शोधायला लांब जायलाही नको होतं. पाळण्यावर नवं यंत्र बसवायला आलेली डॉक्टर केतकी नाडगौडा दिवाळीपासून रोज सकाळी दिगंबरच्या बरोबरच असायची. सुवर्णानं डबा भरला आणि 'नभांगण' गाठलं.

हे नभांगण म्हणजे उंब्रजच्या अलीकडं हायवेला लागून झालेलं मोठं पार्क. तिथलं सगळं नवं होतं, एक खराड्यांचा रॉकेट पाळणा सोडला तर. तो मात्र तीन पिढ्यांचा. दिगंबरचे आजोबा दत्तोबा पूर्वी लाकडी घोड्यांचा चक्री पाळणा घेऊन जत्रेजत्रेत फिरायचे. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी त्यांनी औंधात चहाच्या टपरीवर रेडिओवर ऐकली, आणि त्याच दिवशी करवत घेऊन सगळ्या घोड्यांची मुंडकी उडवली. पत्र्याची टोकदार नाकं बसवली, मागं पंख लावले, झाली रॉकेटं! म्हातारी माणसं चिडली, देवाच्या जत्रेत हे काय खूळ म्हणाली. पोरं मात्र घोडे विसरली. पुढं सासऱ्यांनी गुऱ्हाळातलं जुनं डिझेल इंजिन जोडलं. पालीच्या खंडोबाच्या जत्रेत त्या इंजिनात एवढा भंडारा जायचा की धूरसुद्धा पिवळा निघतो, असं लोक चेष्टेनं म्हणत. मग लोखंडी हात आले, हवेच्या दाबानं रॉकेट वर उचललं जाऊ लागलं. जत्रा ओसरल्या तसा पाळणा पार्कात आला, तोही दिगंबरसकट.

एवढं सगळं बदललं, पण दत्तोबांनी घालून दिलेली एक रीत बदलली नाही. पहिला फेरा घरचा. रोज सकाळी पाळणा सुरू झाला की पहिल्या फेऱ्याला खराड्यांच्या घरातलं माणूस बसणार, पूर्ण फेरा काढणार, मगच गिऱ्हाईक. आपलं माणूस बसवायला जिथं जीव धजत नाही, तिथं लोकांची लेकरं बसवायची नाहीत, असा दत्तोबांचा खाक्या. सासरे बसायचे, त्यांच्यामागं दिगंबर.

सुवर्णा त्यात एकदाच बसली होती. लहानपणी तापात तिचा डावा कान गेला होता, तेव्हापासून घाट लागला की तिला भोवळ यायची. तरी नव्या सुनेचा एक फेरा झालाच पाहिजे म्हणून पुसेगावच्या जत्रेत तिला हळदीच्या अंगानं बसवलं. दुसऱ्याच वेढ्याला तिची मान कलली. तेव्हा नवरदेव दिगंबर सगळ्या जत्रेदेखत धावला, दांडा ओढला आणि पाळणा मधेच थांबवला. पहिला फेरा अर्धवट सुटायची ती पहिलीच वेळ. सासरे खवळले, पण तो म्हणाला, "पाळणा मोडून टाका पाहिजे तर. हिला पुन्हा बसवायची नाही." त्या एका वाक्यावर सुवर्णानं आजवरच्या संसारातल्या सगळ्या कटकटी सोसल्या होत्या.

सुवर्णा डबा घेऊन पार्कात पोचली तेव्हा दिगंबर आणि केतकी कट्ट्यावर बसून कशावर तरी खदखदून हसत होते.

"या या वहिनी!" केतकी उठली. पोरगी तिशीची असेल, केस कापलेले, पायात सपाता. "बरं झालं आलात. भूक लागलीच होती."

हिच्या चेहऱ्यावर चोरी कुठंच दिसेना, याचाच सुवर्णाला जास्त संशय आला. "काय चालतं म्हटलं सकाळी-सकाळी," ती म्हणाली, "बघावं तरी."

"पहिला फेरा. आम्ही दोघं पट्ट्या लावून रोज बसतो. मिस्त्री पाळणा तपासतात, मी माझी पट्टी तपासते."

पट्टी म्हणजे काय ते केतकीनं भाजी-भाकरी खाता-खाता सांगितलं. आपल्या कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडं, तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की ते पाणी जरा मागं राहतं, आतले केस वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते की आपण फिरतोय. म्हणून तर गरगर फिरून थांबलं तरी जग फिरत राहतं. नळीतलं पाणी थांबलेलं नसतं. आता कानामागं पट्टी लावून अगदी हलकी वीज सोडली, तर न फिरतासुद्धा तीच वर्दी मेंदूला देता येते. रॉकेट नेहमीच्याच सावकाश चालीनं फिरतं, पण बसणाऱ्याला वाटतं, आपण जमीन सोडली, ढग सोडले, आता अंगाला वजनच नाही.

"पण सुरुवातीला लोक फार घाबरायचे," केतकी म्हणाली. "कान म्हणतो उडतोय, डोळा म्हणतो पार्कातच आहोत. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. तोल सांभाळणारा मेंदूचा कोपरा आणि 'काहीतरी बिघडेल' म्हणणारा कोपरा शेजारी-शेजारी आहेत वहिनी. एकाला हलवलं की दुसरा जागा होतो. मी विजेचा एक असा ठेका शोधला की तो दुसरा कोपरा शांत बसतो. भीती गेली, नुसती मजा राहिली!"

"किती वेळ शांत बसतो?"

"तास, दोन तास. लोक घरी जाईपर्यंत उतरतो."

"आणि रोज बसलं तर?"

"रोज कोण येतंय तिकीट काढून?" केतकी हसली.

"आणि हा ठेका उलटा केला तर?"

"उलटा केला तर शंका वाढेल. पण ती कुणाला हवी असते?"

दिगंबरही हसला. सुवर्णानं मात्र मोजून बघितलं. रोज बसणारी माणसं अख्ख्या पार्कात दोनच होती, आणि ती दोघं तिच्यासमोर बसून कांद्याची फोड वाटून खात होती. बाईचा संशय तिनं तिथंच सोडून दिला. जे हाती लागलं होतं ते बाईपेक्षा वाईट होतं.

मग ती रोज यायला लागली. डब्याचं निमित्त करायची आणि खाली उतरणाऱ्या लोकांचे चेहरे बघत बसायची. भांडत चढलेली नवरा-बायको हातात हात घालून उतरायची. एक आजोबा काठी विसरून तरातरा निघाले आणि पायरीवर सपशेल आडवे झाले. उठले तेही हसतच. एका आईला सुवर्णानं विचारलं, "ताई, तुमच्याबरोबर लहान मुलगी होती ना?" आई म्हणाली, "हो की! असेल इथंच, येईल." आणि आईस्क्रीमच्या रांगेत उभी राहिली. मुलगी पाण्याच्या कारंज्यापाशी सापडली, सुवर्णानंच हाताला धरून आणली. तक्रार कुणाचीच नव्हती. जो तो म्हणायचा, छान वाटलं. सुवर्णाला वाटायचं, एवढ्या माणसांना एकदम छान वाटतं म्हणजे काहीतरी चुकतंय.

त्यातच चार नंबरच्या रॉकेटचा हात कुरकुरायला लागला. वर जाताना एकदा, खाली येताना एकदा. बटणांच्या खोलीतल्या पडद्यावर चार नंबरसमोर पिवळा दिवाही लागायचा. पिवळा म्हणजे मिस्त्रीनं वर चढून बघायचं आणि मग दिवा घालवायचा. दिगंबर खालूनच घालवायचा.

"अहो, ते वाजतंय."

"लोखंड आहे, वाजणारच."

"दिवा पिवळा आहे."

"पिवळाच आहे ना? लाल थोडाच आहे!"

ती मॅनेजरकडं गेली. तो म्हणाला, मिस्त्रींनी ठीक म्हटलंय, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? केतकीकडं गेली, तर ती म्हणाली, "मी रोज बसते वहिनी, मला काही झालं का?" पूर्वी हे सगळे लोक दिगंबरच्या भीतीच्या जिवावर निर्धास्त होते. आता दिगंबरच निर्धास्त झाला होता, आणि घाबरायला उरली होती एक शंकासुर, जिचं आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं.

विज्ञान दिन उजाडला. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली यायच्या होत्या. सुवर्णा नवऱ्याबरोबरच सकाळी पार्कात आली.

"आज पाळणा बंद ठेवा. पाया पडते तुमच्या."

"काही होत नाही गं."

"चार नंबरवर चढून एकदा बघा तरी."

"बघितला की इथून."

तेव्हा तिच्या डोक्यात जे आलं ते तिनं आधी कधीच ठरवलेलं नव्हतं. "मग आजचा पहिला फेरा माझा," ती म्हणाली. "मीही घरचीच आहे ना? चार नंबरात बसते. पट्टी नको मला."

एवढं बोलून ती थांबली. तो पाना फेकेल, ओरडेल, दंडाला धरून बाहेर काढेल, याची वाट बघत थांबली. एवढ्या वर्षांचा तिचा भरवसा त्या एका गोष्टीवर होता.

दिगंबर म्हणाला, "बस की! इतक्या वर्षांत बसलीच नाहीस." त्यानंच तिला हात देऊन आत बसवलं, पट्टा आवळला, गाल थोपटला आणि शीळ घालत बटणांच्या खोलीत गेला.

रॉकेट हललं. पहिल्या वेढ्यालाच जमीन एका बाजूला कलली. "थांबवा!" ती ओरडली. काचेआड दिगंबर हसून हात हलवत होता. रॉकेटचा लोखंडी हात वर जायला लागला, कुरकुर आली, आणि अगदी वर गेल्यावर कट्कन आवाज होऊन रॉकेट वीतभर खाली बसलं. सुवर्णानं डोळे मिटले आणि खंडोबाला हाक मारली. उरलेला फेरा कसा गेला ते तिला कळलं नाही. खाली आल्यावर ती कडेला ओकली.

"बघ," दिगंबर तिचा पट्टा सोडत म्हणाला, "आलीस ना खाली? उगीच घाबरतेस."

तेव्हा सुवर्णाला रडू फुटलं. जीव वाचला म्हणून ती रडत नव्हती. पुसेगावच्या जत्रेत दांडा ओढणारा माणूस तिच्यासमोर उभा होता आणि तो तिथं नव्हता. आपला नवरा मेल्यासारखी ती रडली, आणि तो आपला रुमाल पुढं करून म्हणाला, "पाणी पितेस का?"

आज तिनं वायर तोडली असती, तर उद्या त्यानं हसत जोडली असती. तिनं तोंड पुसलं आणि केतकीला गाठलं. "उलटा ठेका लावता येतो, तुम्हीच म्हणाला होतात. ह्यांना लावा. आत्ता."

शहाण्या डॉक्टरनं हे ऐकून दहा प्रश्न विचारले असते. कुणावर तपासलंय, किती सोसेल, उतरेल की नाही. पण केतकीही दिवाळीपासून रोज पट्टी लावत होती. "करून बघू की!" ती म्हणाली. "मिस्त्री, या, एक गंमत आहे." दिगंबरही तसाच. गंमत म्हटल्यावर लगेच येऊन एक नंबरच्या थांबलेल्या रॉकेटात बसला.

"किती ठेवू?" केतकीनं विचारलं.

"त्यांची गेलेली भीती परत येईल एवढं."

"ते मोजायचं कसं? अंदाजानं ठेवते." आणि तिनं आकडा फिरवला.

दिगंबर गुणगुणत होता. थोड्या वेळानं गुणगुणणं मधेच तुटलं. त्यानं स्वतःच्या कमरेचा पट्टा चाचपला, मग पट्ट्याचा खिळा. कानामागची पट्टी ओरबाडून काढली. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं वर बघितलं.

"चार नंबरचा हात असा का बसलाय?"

कुणी काही बोलायच्या आत तो पाना घेऊन शिडीवर होता. तीन नंबरच्या हाताला पाना मारला, खणखणीत वाजला. पाच नंबरला मारला, तोही वाजला. चार नंबर बद्द वाजला. त्यानं बोटानं ग्रीस पुसलं. वेल्डिंगच्या कडेनं चीर गोल फिरली होती, हात जेमतेम बोटभर लोखंडावर तगून होता. फाटकाबाहेर शाळेच्या बसगाड्या हॉर्न वाजवत होत्या, पोरांचा गलका इथवर येत होता. दिगंबर खाली उतरला, पाळण्याचा फ्यूज उपटला आणि खिशात घातला. मॅनेजर धावत आला, तर हा त्याच्यावर असा गरजला की तो आल्या पावली परत गेला.

सुवर्णाच्या जिवात जीव आला. तिला वाटलं, आत्ता जाऊन त्याला मिठी मारावी.

पण दिगंबर चार नंबरच्या रॉकेटात वाकून बघत होता. तो सरळ झाला तेव्हा त्याच्या हातात एक चप्पल होती.

"ही तुझी."

सुवर्णानं पायाकडं बघितलं. एक पाय अनवाणी होता.

"ह्याच्यात बसली होतीस तू?" त्याचा आवाज चिरकला. "फिरला हा? मला फक्त तू रडताना आठवतेयस. आधीचं सगळं धुरकट आहे. तुला बसवली कुणी? बटण कुणी दाबलं?"

केतकी खुशाल सांगायला तोंड उघडत होती. सुवर्णानं तिचा दंड एवढ्या जोरात दाबला की ती कळवळली. भीतीनं थरथरणाऱ्या या माणसाला 'तुम्हीच' हा शब्द ऐकवला, तर तो आजच्या आज पाळण्याखाली डोकं देईल, हे सुवर्णाला लख्ख दिसलं. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या बाईनं पहिल्यांदा स्वतः खोटं सांगितलं.

"कुणी नाही. रिकाम्या रॉकेटात जरा टेकले होते. फिरला नाही."

दिगंबरनं तिच्याकडं बघितलं, मग रॉकेटच्या कडेवरच्या ओकारीकडं बघितलं. आणि चप्पल तिच्या पायाशी ठेवली.

पुढं सगळ्या पट्ट्या काढल्या, चार नंबरचा हात नवा केला. पट्टी सुटल्यावर काही आठवड्यांनी केतकी एका सकाळी घरी आली आणि सुवर्णाच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. "पोरं बसणार होती त्यात वहिनी, आणि मी हसत होते!"

तिची पाठ थोपटत सुवर्णानं विचारलं, "ह्यांचं कधी उतरेल?"

"मला माहीत नाही," केतकी म्हणाली.

दिगंबरचं अजून उतरलेलं नाही. गॅस तो आता दहा वेळा बघतो, कुलूप ओढून-ओढून त्याची कडी सैल झालीय. त्याचं सुवर्णाला काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं. पण पूर्वी त्याचा संशय यंत्रांपाशी थांबायचा. आता तो चुलीपर्यंत आलाय.

काल सकाळी तिनं चहा पुढं ठेवला. त्यानं कप उचलला नाही.

"त्या दिवशी बटण कुणी दाबलं होतं?"

"सांगितलं ना, कुणी नाही."

ती खोटं बोलत होती, आणि ते त्याला कळत होतं. त्यानं दोन बोटांनी कप तिच्याकडं सरकवला.

"आधी तू घे."

"का हो?"

"पहिला फेरा घरचा," दिगंबर म्हणाला. तो हसत नव्हता.

सुवर्णानं बशीत चहा ओतला, एक मोठा घोट घेतला आणि कप त्याच्यापुढं ठेवला. तो तिच्या तोंडाकडं बघत थांबला. तीही थांबली, त्याचा तो फेरा पूर्ण होईपर्यंत.